दिवे नंतर बघा, आधी काटक्या: लेन्सचा ब्लर कसा पारखायचा

नवी लेन्स घ्यायची ठरली की आपण तिचे नमुन्याचे फोटो शोधतो, आणि त्यात हटकून एक असतोच: समोर हसरा चेहरा, मागे खूप लांबवर रस्त्यावरचे दिवे आणि त्यांच्या मोठ्ठ्या गोल चकत्या. फोटो छान असतो, पण लेन्सबद्दल तो फारसं काही सांगत नाही. पार्श्वभूमी पुरेशी लांब असली की बहुतेक लेन्सचा ब्लर मऊच दिसतो. लेन्सचं खरं रूप कळतं ते माणसाच्या पाठीमागे दीड-दोन मीटरवर वाळकी झुडपं, जाळीचं कुंपण किंवा उन्हात चमकणारी पानं असतात तेव्हा. कुठे सगळं अलगद विरघळतं, तर कुठे काटक्यांचा असा कालवा होतो की चेहऱ्यावरून नजर सारखी मागे जाते. ब्लरच्या या पोताला फोटोग्राफर मंडळी ‘बोके’ म्हणतात. तो घरच्या घरी पारखता येतो. सामान फार लागत नाही: दिव्यांची एक माळ, एक वर्तमानपत्र, कॅमेरा हलू नये म्हणून ट्रायपॉड किंवा पुस्तकांची चळत, आणि आसपास कुठेतरी एखादं झुडूप.

पहिली पायरी: ‘किती’ आणि ‘कसा’ वेगळे करा

“या लेन्सचा ब्लर भारी आहे” असं कोणी म्हणालं की विचारायचं, जास्त आहे की चांगला आहे? जास्त की कमी हे निव्वळ गणित आहे. फोकल लेंथला (लेन्सचा मिमीतला आकडा) एफ-नंबरने (‘एफ/’ पुढचा आकडा) भागा. येणारा आकडा म्हणजे समोरून लेन्समध्ये डोकावलं की जे भोक दिसतं त्याचा व्यास. ५० मिमी एफ/१.८ चा येतो साधारण २८ मिमी, ८५ मिमी एफ/१.८ चा ४७ मिमी, आणि कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ च्या किट लेन्सचा, ५५ मिमी एफ/५.६ ला, जेमतेम १० मिमी.

हा आकडा फार कामाचा आहे. अगदी लांबच्या दिव्याची चकती फोटोतल्या माणसाच्या मापाने मोजली, तर ती बरोबर एवढ्याच व्यासाची भरते. म्हणजे किट लेन्सने काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये मागचा दिवा त्या माणसाच्या शर्टाच्या बटणाएवढा दिसणार, आणि ८५ मिमीने काढलेल्यात त्याच्या चेहऱ्याच्या रुंदीच्या जवळपास एक तृतीयांश. सेन्सर मोठा (फुल फ्रेम) असो की लहान (क्रॉप), लेन्स आणि एफ-नंबर तेच असतील तर हे माप बदलत नाही.

पार्श्वभूमी जवळ असेल तर त्या आकड्याला एका अपूर्णांकाने गुणायचं: माणसापासून पार्श्वभूमीचं अंतर भागिले कॅमेऱ्यापासून पार्श्वभूमीचं अंतर. साखरपुड्याच्या स्टेजवरचंच उदाहरण घ्या. जोडपं तुमच्यापासून ३ मीटरवर उभं आहे आणि दिव्यांचा पडदा त्यांच्या मागे १ मीटरवर. अपूर्णांक आला १/४. म्हणजे ८५ मिमी एफ/१.८ असूनही चकत्या १२ मिमीच्या. आता जोडप्याला २ मीटर पुढे बोलवा आणि तुम्हीही तेवढंच मागे सरका. पडदा त्यांच्यापासून ३ मीटरवर गेला, तुमच्यापासून ६. अपूर्णांक १/२, चकत्या जवळपास २४ मिमीच्या. ब्लर दुप्पट झाला, खर्च शून्य. ‘मला जास्त ब्लर देणारी लेन्स हवी’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना खरं तर पाहुण्यांना चार पावलं पुढे बोलवायची भीड वाटत असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे गणित इतक्या विस्ताराने सांगायचं कारण: दोन लेन्सचा बोके ताडून पाहायचा तर दोन्ही फोटोंत चकत्या सारख्याच मोठ्या हव्यात. नाहीतर मोठ्या भोकाची लेन्स दरवेळी जिंकते आणि तुम्ही ‘किती’लाच ‘कसा’ समजून बसता. ५० मिमीची परीक्षा एफ/१.८ ला घेतली, तर तिच्या शेजारी ८५ मिमी एफ/२.८ ते एफ/३.२ च्या आसपास लावा आणि माणूस चौकटीत तेवढाच दिसेल इतकं मागे जा. त्यानंतर ८५ मिमी पूर्ण उघडून वेगळी बघा.

दुसरी पायरी: माळ लावा, पण उजेड कमी ठेवा

बारीक, उघड्या ठिपक्यांच्या एलईडीची माळ घ्या. दुधी टोपण असलेले बल्ब नकोत, कारण दिवा जितका लहान ठिपका तितकी चकती प्रामाणिक. माळ भिंतीवर अशी पसरा की काही दिवे चौकटीच्या मध्यभागी येतील, काही अगदी कोपऱ्यांत. कॅमेरा ३-४ मीटरवर ठेवा, मॅन्युअल फोकस करून फोकस १ मीटरच्या आसपास आणा. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर काढून ठेवा.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: एक्स्पोजर खाली आणा. चकत्या पांढऱ्याफटक जळल्या की त्यांची कड, आतला पोत, रंग, काहीच उरत नाही. चकती राखाडी किंवा फिक्या पिवळ्या रंगाची दिसेपर्यंत उजेड कमी करा. साधारण दोन स्टॉप तरी कमी करावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तो आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, उतरवून कमी करा. शटर मात्र १/५० किंवा त्याहून हळू ठेवा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि स्वस्त माळा त्या तालावर लुकलुकतात. वेगवान शटरला अर्ध्या माळेचे दिवे गायब होतात.

एक फोटो अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडं ठेवून, म्हणजे वाइड ओपन. दुसरा एक स्टॉप बंद करून, तिसरा दोन स्टॉप. निकाल कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरवरून लावू नका. डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एफ/१.८ चा पूर्ण ब्लर दिसतच नाही. काढलेला फोटो मोठ्या पडद्यावर बघा.

तिसरी पायरी: एक चकती वाचा

आधी मध्यभागातली एक चकती मोठी करा. पहिली नजर तिच्या कडेवर. तीन शक्यता असतात. चकती सगळीकडे सारखी उजळ असेल तर लेन्स तटस्थ आहे, पुष्कळ चांगल्या लेन्स अशाच असतात. मध्यभागी उजळ आणि कडेला विरत गेलेली असेल तर तो मऊ बोके, बहुतेकांना आवडणारा. आणि कडेला बांगडीसारखी चमकदार रेघ असेल तर सावध व्हा. एका चकतीत ती बांगडी देखणीसुद्धा वाटते, पण पार्श्वभूमीतला प्रत्येक ठिपका, प्रत्येक पान, प्रत्येक काडी अशाच एका चकतीने रंगवली जाते. हजारो चमकत्या कडा एकमेकींवर चढल्या की वर म्हटलेला कालवा तयार होतो.

यामागचं कारण गोलीय विपथन. भिंगाच्या कडेजवळून आणि मधून येणारे किरण नेमके एकाच ठिकाणी जुळत नाहीत, आणि लेन्स बनवणारे ही चूक किती आणि कोणत्या बाजूला दुरुस्त करतात यावर कड ठरते. दुरुस्ती थोडी कमी ठेवली तर मागचा ब्लर मऊ होतो. गरजेपेक्षा जास्त झाली तर मागे बांगडी उमटते. मेख अशी की हे फोकसच्या पुढे, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला, उलटं होतं. ज्या लेन्सचा मागचा ब्लर लोण्यासारखा, तिच्यात पुढे आलेली फांदी कडक दिसू शकते. म्हणून फोकस लांब नेऊन, माळ लेन्सजवळ धरून एक फोटो काढाच. पण दोन्हीकडे सारखं चांगलं असायलाच हवं असा हट्ट धरू नका. पोर्ट्रेटमध्ये पार्श्वभूमी शंभरदा येते तेव्हा पुढची फांदी एकदा येते. निकॉनने ९०च्या दशकात १०५ मिमी आणि १३५ मिमी एफ/२ अशा दोन ‘डीसी’ लेन्स काढल्या होत्या, त्यांत एक रिंग फिरवून हा मऊपणा मागे हवा की पुढे, हे फोटोग्राफरलाच ठरवता यायचं. कॅननच्या २०२१ सालच्या आरएफ १०० मिमी मॅक्रोवरही तशीच एक रिंग आहे.

मग चकतीच्या आत बघा. कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळात वर्तुळं दिसली तर लेन्समध्ये साच्यातून काढलेलं, नेमक्या गोलाकार पृष्ठभागाचं नसलेलं अ‍ॅस्फेरिकल भिंग आहे आणि त्या साच्याच्या सूक्ष्म चरा भिंगावर उतरल्या आहेत. आधुनिक लहान, हलक्या लेन्समध्ये हे सर्रास आढळतं. रोजच्या फोटोंत ते क्वचितच दिसतं. रात्रीच्या दिव्यांचे फोटो हाच तुमचा धंदा असेल तरच त्यावरून लेन्स नाकारा.

वापरलेली लेन्स घेत असाल तर मात्र आतला भाग नीट बघा. चकतीत काळे ठिपके म्हणजे आतली धूळ; थोडी असतेच, ती चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातला एक पावसाळा कपाटात, कातडी पिशवीत काढलेल्या लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही. नेहमीच्या, शार्प फोटोंत हे तंतू अजिबात कळत नाहीत, चकती मात्र चुगली करते.

आता कोपऱ्यात जा. मध्ये गोल असलेल्या चकत्या कोपऱ्यांत लिंबाच्या फोडीसारख्या लांबट झालेल्या दिसतील. कोपऱ्यातून तिरपे येणारे किरण लेन्सच्या नळीच्या कडा अडवतात, म्हणून हा आकार येतो. वाइड ओपन असताना जवळपास प्रत्येक वेगवान (मोठ्या भोकाच्या) लेन्समध्ये थोडंफार असतंच. तुमचे एक स्टॉप आणि दोन स्टॉप बंद केलेले फोटो शेजारी ठेवा आणि कुठल्या आकड्याला कोपरे गोल होतात ते वहीत लिहा. दिव्यांच्या पडद्यासमोर फोटो काढताना हा आकडा कामी येतो. उजवा आणि डावा कोपरा एकमेकांचं प्रतिबिंब असायला हवेत. एकीकडे फोड बारीक आणि दुसरीकडे जवळपास गोल असेल तर आतलं एखादं भिंग सरकलेलं असू शकतं. पडलेल्या लेन्सचं हे नेहमीचं लक्षण.

बंद करताना अ‍ॅपर्चरच्या पात्यांकडेही लक्ष जातं. वाइड ओपनला पाती बाजूला असतात, त्यामुळे चकती गोलच. एक-दोन स्टॉप बंद केल्यावर पाती आत येतात. कॅननची जुनी ५० मिमी एफ/१.८ (दुसरी आवृत्ती) पाच सरळ पात्यांची होती, तिच्यात एफ/२.८ ला स्पष्ट पंचकोन उमटतात. २०१५ च्या एसटीएम आवृत्तीत सात गोलाकार पाती आली आणि तक्रार बरीचशी मिटली. पात्यांची संख्या बॉक्सवर वाचून हुरळून जाऊ नका, मात्र. वाकदार सात पाती सरळ नऊ पात्यांपेक्षा बरी दिसू शकतात.

चौथी पायरी: वर्तमानपत्र तिरपं ठेवा

टेबलावर मराठी वर्तमानपत्र पसरा, लेन्स जितक्या जवळून फोकस करते तितकं जवळ जा आणि साधारण ४५ अंशांच्या कोनातून पानाच्या मधल्या ओळीवर फोकस करा. अ‍ॅपर्चर वाइड ओपन. या एका फोटोत दोन गोष्टी एकदम कळतात.

पहिली, शिरोरेषा. बारीक, काळी, आडवी, पानभर सरळ रेघ. परीक्षेसाठी याहून सोयीचं काही नाही. फोकसच्या मागच्या ओळींकडे बघत जा. चांगल्या लेन्समध्ये शिरोरेषा हळूहळू जाड होते, फिकी होते, आणि मग कागदात मिसळून जाते. ज्या लेन्सच्या चकतीला बांगडी आहे तिच्यात तीच रेघ फाटते: एकीच्या दोन राखाडी रेघा होतात, मधे उजळ पट्टा. मथळ्यातला ‘न’ मग दोन टोप्या घातल्यासारखा दिसतो. पानाच्या जागी वाळकं गवत आहे अशी कल्पना करा. प्रत्येक पात्याच्या दोन-दोन कडा. झुडपांत काढलेले फोटो विस्कटलेले का वाटतात याचं उत्तर मुख्यतः या फाटण्यात असतं.

दुसरी गोष्ट रंग. त्याच फोटोत फोकसच्या मागच्या अक्षरांच्या कडा हिरवट आणि पुढच्या जांभळट-गुलाबी दिसतात का? बऱ्याच वेगवान प्राइम (झूम नसलेल्या) लेन्समध्ये वाइड ओपनला हा दोष असतो. वेगवेगळ्या रंगांचे किरण पुढे-मागे जुळतात म्हणून तो येतो. पांढरा सदरा, चांदीचे दागिने, पाण्यावरची चमक यांत तो लगेच डोळ्यात भरतो. दोन स्टॉप बंद केलं की पुष्कळ कमी होतो. सॉफ्टवेअरने काढता येतो, पण पूर्ण नाही.

पाचवी पायरी: काटक्या

इथवरची परीक्षा घरातली. आता बाहेर पडा, दुपारच्या आधीच्या किंवा नंतरच्या तिरप्या उन्हात. सोसायटीच्या बागेतलं मेंदीचं कुंपण, मोकळ्या प्लॉटवरची वेडी बाभूळ, वाळलेलं गवत, काहीही चालेल. जितकं कुरूप तितकं बरं. कोणाला तरी २ मीटरवर उभं करा आणि मागचं झुडूप त्यांच्यापासून १ ते २ मीटरवर येईल असं बघा.

हेच अंतर का? लांबच्या पार्श्वभूमीत चकत्या इतक्या मोठ्या असतात की फांदी-फट असा भेदच उरत नाही, सगळं एकमेकांत मिसळतं. अगदी जवळ असेल तर ब्लरच कमी. मधल्या पट्ट्यात चकतीचा आकार फांद्यांमधल्या फटींएवढा होतो, आणि चकतीच्या कडेचा सगळा स्वभाव उघडा पडतो.

फोटो शंभर टक्के मोठा करून बघायचा मोह टाळा. आधी पडद्याएवढा, मग अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून बघा. लहान केल्यावरही चेहरा लगेच सुटून दिसतो का? की मागे खसखस सांडल्यासारखं काहीतरी वळवळतंय? मोठ्या आकारात मऊ वाटणारा ब्लर लहान आकारात कधी कधी जास्त खडबडीत वाटतो, आणि फोटो बघितले जातात ते बहुतेक मोबाइलवर. मग जागा न बदलता फक्त एक स्टॉप बंद करा. कित्येक लेन्समध्ये एवढ्यानेच चकतीची कड बदलते आणि ब्लर थोडा कमी होऊनही फोटो शांत होतो.

उन्हात काढताना एक तांत्रिक सापळा आहे. मिररलेस कॅमेऱ्यात ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’ शटर चालू असेल आणि तुम्ही एफ/१.८ ला १/२००० च्या पुढे गेलात, तर चकत्या एका बाजूने कापल्यासारख्या येतात. दोष लेन्सचा नसतो. मेन्यूत जाऊन शटर मेकॅनिकल करा.

मुद्दाम वेगळ्या लेन्स

काही लेन्स या सगळ्या परीक्षांत नापास होऊनच प्रसिद्ध झाल्या. सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२, मूळ कार्ल झाइस येनाच्या बायोटारच्या रचनेवर बेतलेली. तिच्या पार्श्वभूमीतली पानं चेहऱ्याभोवती गरगर फिरल्यासारखी दिसतात. १८४० मधल्या पेट्झव्हालच्या पोर्ट्रेट लेन्सचाही असाच भोवरा. मजा म्हणून जरूर घ्या, अडॅप्टर लावून मिररलेसवर छान चालते. एकमेव पोर्ट्रेट लेन्स म्हणून नको. आरशाच्या ५०० मिमी लेन्समध्ये मधला आरसा उजेड अडवतो, त्यामुळे चकतीच्या जागी मेदूवडे उमटतात. पक्ष्यांच्या फोटोंत मला ते सहन होत नाहीत.

दुसऱ्या टोकाला मिनोल्टाने १९९९ मध्ये आणलेली १३५ मिमी एसटीएफ. तिच्यात कडेकडे गडद होत जाणारं एक भिंग बसवलं आहे, त्यामुळे चकती कडेला आपोआप विरते. किंमत मोजावी लागते ती उजेडात: ब्लरचं माप एफ/२.८ चं, पण प्रत्यक्ष उजेड टी४.५ एवढाच (‘टी’ म्हणजे काचेतून खरोखर पोहोचणाऱ्या उजेडाचं माप). फुजीची ५६ मिमी एपीडी आणि कॅननची आरएफ ८५ मिमी डीएस याच घराण्यातल्या.

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड

याला वर लिहिलेलं जवळपास काहीच लागू नाही. मुख्य कॅमेऱ्याचं भोक चार-पाच मिलिमीटरचं, त्यामुळे ब्लर हिशेबाने रंगवलेला असतो. तपासायच्या जागा वेगळ्या: सुटे केस, चष्म्याच्या काचेतून दिसणारी पार्श्वभूमी, झुमके, कमरेवर हात ठेवल्यावर कोपरात राहणारी फट. शेवटची सगळ्यात पकडणारी; फटीतली भिंत लख्ख शार्प आणि बाजूची धूसर असं पुष्कळदा होतं. पायाखालची फरशीही बघा, ती हळूहळू धूसर व्हायला हवी, एकदम नाही.

दुकानात पाच मिनिटं मिळाली तर

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा कुठल्याही गावातल्या दुकानात वापरलेली लेन्स बघायला गेलात, तर माळ आणि काटक्या सोबत नसतात. स्वतःचा कॅमेरा आणि कार्ड न्या. मित्राला तीन-चार मीटरवर, शक्य तितक्या अंधाऱ्या बाजूला उभं करा, मोबाइलचा टॉर्च सगळ्यात मंद करून तुमच्या दिशेने धरायला सांगा. फोकस सगळ्यात जवळ न्या, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, एक्स्पोजर पाडा. आता कॅमेरा फिरवून ती एकच चकती आधी मधे, मग चारही कोपऱ्यांत आणत पाच फोटो काढा. कड, आतली बुरशी, कोपऱ्यांची जोडी, सगळं त्यात येतं. सहावा फोटो काउंटरवर पडलेल्या बिलबुकाचा, तिरपा, छापील ओळींवर फोकस करून. दुकानदार “साहेब, लेन्स एकदम क्लीन आहे” म्हणत असतो तेव्हा हे फोटो जागेवरच मोठे करून बघा, आणि बुरशीचे तंतू दिसले तर भाव करत बसू नका, लेन्स परत द्या. साफ करून घेतली तरी बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर ते परत येत नाही.